तळ्यावर चौथ्यांदा संशोधक येताहेत: हो म्हणावं का?

पाणकणीस (सोमवार, रात्री ९:४०)

थोडं लांब लिहिते आहे, पण सल्ला हवा आहे म्हणून सगळं सांगते.

आम्ही चाळीसेक जण मिळून एका तळ्याची राखण करतो. अकरा वर्षं झाली. गाळ, जलपर्णी, काठावरची झाडं, येणाऱ्या ओढ्यातला कचरा, जे जमेल ते. यातले निम्मे लोक मासेमारीवर जगतात, बाकीचे माझ्यासारखे, पाण्याची ओढ असलेले.

या अकरा वर्षांत विद्यापीठांतले संशोधक आमच्याकडे तीनदा येऊन गेले. पहिल्यांदा चाळीस पानी प्रश्नावली होती. एका घरात दोन-दोन तास बसले. दुसऱ्यांदा पाण्यात उपकरणं सोडली, ती वाहून जाऊ नयेत म्हणून आमची मुलं पाळीपाळीनं लक्ष ठेवायची. तिसऱ्यांदा आले ते 'वेलबीइंग' मोजायला. शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी दाखवली आणि विचारलं, तुमचं आयुष्य आज कुठल्या पायरीवर आहे?

तिन्ही वेळा आम्ही मनापासून मदत केली. तिन्ही वेळा 'निष्कर्ष तुम्हाला कळवू' असं सांगितलं गेलं आणि तिन्ही वेळा कोणी परत आलं नाही. दोन वर्षांनी एका परिचितानं एक शोधनिबंध दाखवला. त्यात माझंच एक वाक्य होतं, 'एक महिला सदस्य' म्हणून. निबंध वाचायला पैसे भरावे लागत होते.

आता चौथं पत्र आलंय. एका विद्यापीठात शाश्वतता आणि समाजस्वास्थ्य यांवर नवं केंद्र निघालं आहे, त्यांना आमच्याबरोबर काम करायचं आहे. बैठकीत बहुतेकांनी नको म्हटलं. मला मात्र सरळ नाही म्हणवत नाही. आमच्या तळ्याचे काही प्रश्न आमच्या डोळ्यांना दिसतात, पण सुटत नाहीत. पहिला मोठा पाऊस झाला की दोन-तीन आठवड्यांनी पहाटे मासे पाण्याच्या वर येऊन तोंड उघडझाप करतात आणि सकाळपर्यंत मरून पडतात. का, ते कळण्यासाठी प्रयोगशाळा लागते, आणि ती आमच्याकडे नाही.

पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं आहे. अशा केंद्रांनी लोकांच्या खरोखर उपयोगी पडेल असं काही केल्याची उदाहरणं माहीत असतील तर सांगा. आणि हो म्हणण्याआधी काय विचारून घ्यावं, तेही.

अनघड (सोमवार, रात्री १०:०५)

नाही म्हणा. आमच्या संघटनेचाही हाच अनुभव आहे. लोकांचा वेळ फुकट नसतो. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाचे दोन तास म्हणजे पाव दिवसाची मजुरी. तीनदा फसवणूक झाल्यावर चौथ्यांदा दार उघडायचं कशाला?

ढोबळमान (मंगळवार, सकाळी ७:३०)

पाणकणीसताई, तुमचं लिहिणं वाचून रात्री झोप लागली नाही. कारण तुमच्याकडे प्रश्नावली घेऊन येणाऱ्यांपैकी मी एक होते. तुमच्या तळ्यावर नव्हे, पण अशाच एका ठिकाणी. सहा वर्षं मी अशा केंद्रात प्रकल्प-सहायक होते. आतून हे कसं चालतं ते सांगते. समर्थन म्हणून नाही, तुम्हाला नेमकं कुठे बोट ठेवायचं ते कळावं म्हणून.

केंद्राला बहुतेकदा स्वतःचे कायम पैसे नसतात. इमारत, संचालक आणि एखादा कारकून एवढं विद्यापीठ देतं, बाकी सगळं प्रकल्पांवर चालतं. प्रकल्प साधारण तीन वर्षांचा. त्यातले पहिले सहा-आठ महिने नेमणुका आणि नीतिसमितीच्या परवानगीत जातात. मधलं दीड वर्ष क्षेत्रकाम. शेवटचे महिने आकडे साफ करण्यात आणि निधी देणाऱ्या संस्थेला अहवाल लिहिण्यात. शोधनिबंध छापून येतो तोवर प्रकल्प संपून वर्ष होऊन गेलेलं असतं. आणि ज्या मुलीला तुम्ही घरात बसवून चहा दिलात, जिला तुमच्या गल्ल्या आणि तुमची माणसं माहीत झाली, तिचा करार संपलेला असतो. ती दुसऱ्या शहरात दुसऱ्या विषयावर काम करत असते. तुमच्याकडे परत यायची जबाबदारी कागदावर कोणाचीच नसते. अंदाजपत्रकात प्रवासाला रक्कम असते, परिषदेला असते, उपकरणांना असते. 'निष्कर्ष लोकांपर्यंत नेणे' या नावाची ओळ मी सहा वर्षांत एकदाच पाहिली, आणि पैसे कमी पडले तेव्हा सगळ्यात आधी तीच कापली गेली.

दुसरी अडचण. पाणी, माती, अर्थकारण, आरोग्य, मानसशास्त्र हे सगळं एकत्र आणायचं म्हणून ही केंद्रं निघतात. पण प्राध्यापकाची बढती त्याच्या मूळ विभागाकडून होते, तिथे मोजले जातात त्या एका विषयातले निबंध. निधीचंही तेच. ऑस्ट्रेलियातल्या संशोधन परिषदेकडे पाच वर्षांत आलेल्या १८ हजारांहून जास्त प्रस्तावांचा अभ्यास २०१६ मध्ये 'नेचर'मध्ये आला होता. प्रस्तावात जितके दूरचे विषय एकत्र आणलेले, तितकी तो मंजूर होण्याची शक्यता कमी, असं त्यात निघालं. म्हणजे ज्यासाठी केंद्र काढायचं, नेमकं तेच करणाऱ्याची वाट अवघड.

मी ज्या वस्तीत काम केलं तिथे मी परत गेले नाही. हे इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. गेले असते तर स्वखर्चानं जावं लागलं असतं, पण तसं जाता आलं असतं.

त्रैराशिक (मंगळवार, दुपारी १:१५)

ढोबळमान यांचा प्रतिसाद फार प्रामाणिक आहे. तरी एक दुसरी बाजू मांडतो.

प्रत्येक संशोधनाचं फळ त्याच गावाला, त्याच माणसाला मिळेल असं नसतं, आणि तशी अट घातली तर काही फार महत्त्वाची कामं झालीच नसती. १९६७ मध्ये ब्रिटनमधल्या सरकारी नोकरदारांचा अभ्यास सुरू झाला, व्हाइटहॉल नावानं ओळखला जातो. सुमारे १८ हजार पुरुष. सगळे पक्क्या नोकरीतले, उपाशी कोणीच नाही. तरी हुद्दा जसजसा खाली, तसतसं मृत्यूचं प्रमाण वर, आणि ही उतरंड प्रत्येक पायरीवर दिसली. १९८५ पासून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं दुसरा अभ्यास घेतला, त्यात स्त्रियाही होत्या, एकूण दहा हजारांवर माणसं. कामावर आपलं किती चालतं याचा हृदयविकाराशी संबंध आहे, हे त्यातून पुढे आलं. त्यातल्या एखाद्या कारकुनाला त्याचा थेट काय फायदा झाला? कदाचित काहीच नाही. पण आरोग्य म्हणजे फक्त दवाखाना नव्हे, हे जगाला आकड्यांनिशी कळलं.

तसंच स्टॉकहोम विद्यापीठातलं रेझिलियन्स सेंटर, २००७ चं. तिथल्या योहान रॉकस्ट्रोम यांनी अनेक देशांतल्या सहकाऱ्यांबरोबर २००९ मध्ये पृथ्वीच्या नऊ मर्यादा मांडल्या: हवामान, जैवविविधता, गोडं पाणी, नत्र-स्फुरदाचं चक्र वगैरे. २०२३ च्या मोजणीत त्यातल्या सहा ओलांडलेल्या निघाल्या. पाणकणीसताई, तुमच्या तळ्यातला स्फुरद त्या नऊपैकी एका मर्यादेत येतो.

आणि माझ्या सगळ्यात आवडीचा अभ्यास लीड्स विद्यापीठाचा, २०१८ चा. दीडशेहून जास्त देश घेतले. प्रत्येकाला दोन प्रश्न विचारले: लोकांच्या मूलभूत गरजा भागतात का, आणि त्या भागवताना निसर्गातून वाट्यापेक्षा जास्त ओरबाडलं जातं का? दोन्ही परीक्षांत पास झालेला एकही देश नाही. ज्यांचं पोट भरलेलं आहे त्यांनी मर्यादा मोडलेल्या, ज्यांनी मर्यादा पाळल्या त्यांच्याकडे गरजा अपुऱ्या. त्यातल्या त्यात जवळ पोचलेला देश व्हिएतनाम होता. हे समोर ठेवलं की शाश्वतता आणि माणसाचं बरं असणं या दोन गोष्टी एकाच केंद्रात का अभ्यासायच्या, ते वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणून म्हणतो, दार बंद करू नका.

पाणकणीस (मंगळवार, संध्याकाळी ६:५०)

त्रैराशिक, तुमचं पटतं. मी संशोधनाच्या विरोधात असते तर हा धागा काढलाच नसता. पण ती शिडी घेऊन मुलं आली तेव्हा काय झालं ते सांगते. आमच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी 'आठ' सांगितलं. मुलं गेल्यावर मी विचारलं, मावशी, आठ? त्या म्हणाल्या, "सून शेजारी बसली होती, चार कसं सांगू?" तो आठ आज कुठल्या तरी सरासरीत जाऊन बसला आहे. त्या मुलांनी एकदा जरी परत येऊन आकडे वाचून दाखवले असते, तरी मावशींनी तिथल्या तिथे दुरुस्त केले असते. निष्कर्ष आम्हाला कळवले तर उपकार होतील, असं मला म्हणायचं नाही. तुमचा आकडा बरोबर आहे की नाही, ते आम्हीच सांगू शकतो.

ढोबळमान, तुम्ही लिहिलंत ते वाचून राग गेला. खरंच.

त्रैराशिक (मंगळवार, संध्याकाळी ७:२०)

मावशींचा आठ वाचून गप्प बसलो. हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. जागतिक आनंद अहवालातली क्रमवारी याच शिडीवर बेतलेली असते. एवढ्या मोठ्या नमुन्यात एकेका उत्तराची चूक विरून जाते, असं आम्ही म्हणतो. पण घरोघरी सुना शेजारी बसलेल्या असतील तर चुका एकाच बाजूला झुकणार, आणि तशा चुका विरत नाहीत.

सांदीफट (बुधवार, पहाटे ५:५५)

उदाहरण मागितलंत, तर माझ्याकडे एक आहे. त्याबद्दल सविस्तरच लिहितो, कारण ते फार कमी लोकांना माहीत आहे.

नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात विद्यापीठांनी 'विज्ञान दुकानं' उघडली. त्यांच्या भाषेतही नाव दुकानच. कल्पना साधी: ज्याला प्रश्न आहे त्यानं आत यावं, प्रश्न सांगावा, विद्यार्थी आणि प्राध्यापक तो अभ्यासतील. अटी साधारण तीनच. तुमच्याकडे संशोधन विकत घ्यायला पैसे नसावेत. प्रश्नामागे धंद्याचा हेतू नसावा. आणि उत्तर मिळाल्यावर त्याचा वापर करण्याच्या स्थितीत तुम्ही असावं. शेवटची अट मला सगळ्यात शहाणी वाटते, कारण ती उत्तर परत जाणार हे धरूनच चालते.

ग्रोनिंगन विद्यापीठात भौतिकशास्त्राचं असं एक दुकान होतं. जर्मन सीमेलगत ऱ्हेडे इथे १७ पवनचक्क्या उभ्या राहिल्या, प्रत्येकीचा आस सुमारे ९८ मीटर उंचीवर. आसपासच्या लोकांची तक्रार होती की रात्री धप्-धप् असा आवाज येतो, दीड-दोन किलोमीटरवरही येतो, झोप लागत नाही. नियमाप्रमाणे केलेल्या गणितात मात्र आवाज मर्यादेत होता. म्हणजे कागद म्हणतो ठीक आहे, आणि माणूस म्हणतो झोप येत नाही. बहुतेक ठिकाणी गोष्ट इथेच संपते, माणसाच्या डोक्यात दोष आहे असं ठरवून.

दुकानातले संशोधक फ्रिट्स फान डेन बेर्ख रात्री जाऊन मोजत बसले. निघालं ते असं. नियमातलं गणित जमिनीपासून दहा मीटरवरच्या वाऱ्यावरून वरच्या वाऱ्याचा अंदाज बांधत होतं. दिवसा ते चालतं, कारण ऊन्हानं जमीन तापते, हवा खाली-वर घुसळते, वरचा आणि खालचा वारा फार वेगळा राहत नाही. सूर्य मावळला की जमीन थंड होते, हवेचे थर एकमेकांपासून सुटतात. खाली पान हलत नाही आणि वर शंभर मीटरवर वारा जोरात वाहत असतो. रात्री आसाच्या उंचीवरचा वेग अंदाजाच्या २.६ पटींपर्यंत निघाला आणि आवाज दिवसाच्या तुलनेत १५ डेसिबलपर्यंत जास्त. त्यात खाली शांतता असल्यामुळे पानांची सळसळसुद्धा नाही, मग तो आवाज दबणार कशानं? २००४ मध्ये हा निबंध ध्वनिशास्त्राच्या नामांकित नियतकालिकात आला.

यात मला काय मोलाचं वाटतं? प्रश्न शेजाऱ्यांचा होता. उत्तर शेजाऱ्यांना मिळालं. आणि त्याच वेळी ते विज्ञानाच्याही कामाचं निघालं. लोकांचा प्रश्न घेतला तर संशोधन हलकं होतं, असं विद्यापीठात बरेच जण मानतात. रात्री झोप न लागणाऱ्या माणसांनी गणितातली चूक दाखवून दिली, हे त्यांना सांगायला हवं.

दुःख एवढंच की त्या दुकानांपैकी काही पुढे बंद पडली.

शेवटचा_बाक (बुधवार, सकाळी ९:१०)

फार सुंदर प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

फ्लिंटचं उदाहरण याच जातीचं. एप्रिल २०१४ मध्ये त्या अमेरिकी शहराचं पाणी नदीवर वळवलं, नळ गंजू नयेत म्हणून घालायचं औषध घातलं नाही, आणि जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरलं. लोक गढूळ बाटल्या घेऊन सभांना जात होते, अधिकारी पाणी सुरक्षित म्हणत होते. २०१५ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या मार्क एडवर्ड्स यांच्या गटानं नमुने घ्यायचे ३०० संच पाठवले आणि रहिवाशांनी स्वतः घरोघर नमुने भरले. ऑक्टोबर २०१५ मध्ये शहर जुन्या पाण्यावर परतलं. पुढे त्याच संशोधकाचे आणि काही कार्यकर्त्यांचे संबंध उघडपणे बिघडले, हेही सांगायला हवं. एकदा जुळलं म्हणजे कायमचं जुळलं असं नाही.

मृद्गंध (बुधवार, दुपारी १२:३०)

एलिनॉर ऑस्ट्रम यांचं नाव अजून कसं आलं नाही! पती व्हिन्सेंट यांच्यासोबत त्यांनी १९७३ मध्ये इंडियाना विद्यापीठात जे केंद्र काढलं त्याचं नाव त्यांनी 'वर्कशॉप' ठेवलं, म्हणजे कार्यशाळा, सुतारशाळा असते तशी. दोघं एका कारागिराकडे खरोखरीचं लाकूडकाम शिकले होते. गुरूच्या हाताखाली हात चालवत शिकायचं, हीच त्यांची संशोधनाची कल्पना.

पाणकणीसताई, त्यांच्या गटाचं नेपाळमधल्या पाटांवरचं काम तुमच्या सभासदांना जरूर सांगा. त्यांनी शेकडोंच्या घरात पाटांची माहिती जमवली. काही सरकारनं बांधून चालवलेले, काही शेतकऱ्यांनी दगड, माती, झाडोरा वापरून घातलेले. अपेक्षा अशी की पक्क्या सिमेंटच्या बांधाचा पाट सरस ठरेल. निघालं उलटं. शेपटाकडच्या शेताला पाणी पोचवण्यात शेतकऱ्यांचे कच्चे पाट बरेचदा पुढे होते. कारण असं: कच्चा बांध दरवर्षी वाहून जातो. तो परत घालायला मुखाकडच्या शेतकऱ्याला शेपटाकडच्याचे हात लागतात. हात हवेत तर त्याला पाणी सोडावं लागतं. बांध पक्का झाला, हात नको झाले, मग पाणी कशाला सोडायचं?

२००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. गावकऱ्यांना अडाणी न मानता त्यांचे नियम शिकण्यासारखे आहेत असं मानून त्या काम करत राहिल्या, म्हणून मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. तुमच्याकडे जे येणार आहेत त्यांना तुमचे पाळीचे नियम काय, कोणी मोडले तर काय करता, हे विचारावंसं वाटतं का, ते बघा. त्यावरून माणूस कळेल.

अनघड (बुधवार, रात्री ११:२०)

मी पहिल्याच दिवशी 'नाही म्हणा' लिहिलं होतं. दोन दिवस हे सगळं वाचतो आहे. मत पूर्ण बदललं नाही, पण 'नाही'च्या जागी 'अमुक अटींवर हो' म्हणता येतं, हे ध्यानात आलं.

आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या सॅन लोकांनी तेच केलं. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा अभ्यास होत आला आहे: भाषा, शिकार, औषधी झाडं, अलीकडे जनुकं. २०१० मध्ये त्यांच्यातल्या काही वृद्धांच्या जनुकांचा अभ्यास गाजला, आणि आम्हाला नीट विचारलं नाही, निबंधातली भाषाही अपमानास्पद आहे, असा आक्षेप त्यांच्या पुढाऱ्यांनी घेतला. २०१७ मध्ये सॅन लोकांनी संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी अशा शब्दांवर ती उभी आहे. निष्कर्ष कळवू असं सांगून न कळवणं हा अनादर आहे आणि तो वारंवार होतो, हे त्यात सरळ लिहिलं आहे.

तुमच्या चाळीस जणांनी एका पानाची संहिता लिहावी. विद्यापीठाच्या नीतिसमितीचा फॉर्म तुम्ही भरता, मग तुमचा फॉर्म त्यांनी भरायला काय हरकत आहे?

मृद्गंध (गुरुवार, सकाळी ८:०५)

अवांतर, पण मनात आलं ते लिहिते. 'वेलबीइंग'ला कल्याण म्हटलं की सरकारी योजना आठवते, स्वास्थ्य म्हटलं की दवाखाना. आपल्याकडे जुना शब्द आहे: योगक्षेम. नाही ते मिळणं म्हणजे योग, आणि आहे ते राखणं म्हणजे क्षेम. या केंद्रांच्या लांबलचक नावांतले दोन्ही अर्थ या चार अक्षरांत आहेत. आणि 'कोणाचा योगक्षेम कोण चालवतं' असा प्रश्नही त्यात आपोआप येतो.

त्रैराशिक (गुरुवार, सकाळी ८:४०)

योगक्षेम +१. मी यापुढे हाच वापरणार.

शेवटचा_बाक (गुरुवार, दुपारी २:००)

पैसे कोणाचे, हेही विचारा. २०२२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात शाश्वततेचं नवं विद्यालय एका दाम्पत्याच्या १.१ अब्ज डॉलरच्या देणगीतून उभं राहिलं. तेल कंपन्यांकडूनही पैसे घ्यायची तयारी दाखवल्यावर तिथल्याच विद्यार्थ्यांनी आणि काही प्राध्यापकांनी विरोध केला. माझं स्वतःचं मत विरोधकांच्या बाजूचं आहे: ज्याच्यामुळे आजार झाला त्याच्याच पैशानं तपासणी होणार असेल, तर निदान कितीही खरं असलं तरी लोकांचा विश्वास बसत नाही. तुमच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला एखादा कारखाना असेल आणि तोच केंद्राचा दाता निघाला तर?

ढोबळमान (गुरुवार, रात्री ९:३०)

काय विचारावं, ते आतल्या माणसाच्या नजरेनं सांगते.

सगळ्यात आधी विचारा, प्रकल्प कधी संपतो आणि त्यानंतर इथे कोण येणार? पदनाम नको, नाव हवं, आणि ते कायम नोकरीतल्या माणसाचं हवं. करारावरच्या मुलीनं दिलेला शब्द तिच्या करारासोबत संपतो, तिची इच्छा कितीही असली तरी. मग अंदाजपत्रक दाखवा म्हणा. संकोच करू नका, ते गुपित नसतं. त्यात परत येण्याच्या खर्चाची ओळ शोधा. नसेल तर आत्ता घालायला लावा, कारण प्रस्ताव एकदा मंजूर झाला की ओळ वाढत नाही. लोकांच्या वेळेचा मोबदला आहे का, तेही त्याच पानावर दिसेल.

माहिती कुठे राहणार आणि तुम्हाला ती वाचता येईल अशा रूपात मिळणार का? नुसती फाईल पाठवली तर उपयोग नाही. निबंध छापायला जाण्याआधी बैठकीत तोंडी वाचून दाखवायचा, मराठीत. मावशींचा आठ तिथे दुरुस्त होईल.

एक गोष्ट मात्र मागू नका: नको असलेला निष्कर्ष दाबून ठेवायचा अधिकार. तो उद्या कारखानदारही मागेल. तुमचा मतभेद निबंधातच छापा, एवढं मागा. प्रामाणिक संशोधक त्याला नाही म्हणणार नाही.

आणि तुमचा माशांचा प्रश्न पहिल्याच भेटीत टेबलावर ठेवा. ते म्हणतील, हे आमच्या प्रकल्पात बसत नाही. म्हणू देत. बसत नसेल तर ते कोणाकडे घेऊन जातात का, हे पाहा. विद्यापीठात अजून वीस विभाग असतात. केंद्राचा खरा उपयोग तिथेच आहे, तुम्हाला योग्य दारापर्यंत नेण्यात.

पाणकणीस (दहा दिवसांनी, रविवार, रात्री ८:१५)

सगळ्यांचे आभार. काय झालं ते कळवते.

आम्ही एका पानाची संहिता लिहिली. तीन बैठका लागल्या. सगळ्यात जास्त वाद 'घरात दोन तास बसायचं नाही' यावर झाला, शेवटी पाऊण तास ठरला. मावशींनी एक कलम घातलं: प्रश्न विचारताना माणूस एकटा हवा.

केंद्राच्या प्रमुख बाई स्वतः आल्या. त्यांनी पान दोनदा वाचलं. अंदाजपत्रक दाखवलं. परत येण्याची ओळ नव्हती, उपकरणांच्या रकमेतून काढून ती घालू म्हणाल्या आणि चार दिवसांत सुधारलेला कागद पाठवला. वेळेचा मोबदला मान्य. छापण्याआधी वाचून दाखवणं मान्य. तळ्याचं नाव निबंधात गुप्त ठेवा, ही आमची मागणी मात्र त्यांनी मान्य केली नाही. म्हणाल्या, पाण्याच्या मोजणीवरून तळं कोणीही ओळखेल, खोटं आश्वासन देणार नाही. हे ऐकून आमच्यातले दोघं उठून गेले. मला मात्र त्या नकारामुळेच बाईंवर विश्वास बसला. ते दोघं अजून परतलेले नाहीत आणि मला त्याची टोचणी आहे.

माशांचा प्रश्न त्यांच्या प्रकल्पात बसत नव्हता, ढोबळमान म्हणाल्या तसंच. पण त्या दुसऱ्या विभागातल्या जलजीवशास्त्राच्या प्राध्यापकांना फोनवर घेऊनच बसल्या. त्यांचा अंदाज असा की पहिल्या पावसानं स्फुरद येतो, शेवाळ माजतं, ते रात्रभर प्राणवायू खातं आणि पहाटे तो सगळ्यात कमी होतो. पण स्फुरद ओढ्यातून येतो की तळाच्या जुन्या गाळातूनच सुटतो, हे मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. ओढ्यातून असेल तर उपाय वरच्या अंगाला, गाळातून असेल तर गाळ काढावा लागेल. अकरा वर्षं आम्ही ओढ्याकडेच बघत होतो.

एक विद्यार्थिनी हा विषय घेते आहे. गुरुवारी सूर्य उगवायच्या आत पहिला नमुना घ्यायचा आहे, कारण प्राणवायू सगळ्यात कमी तेव्हाच असतो. आमच्यातले चौघं होडीवर असतील.

अनघड (रविवार, रात्री ८:४०)

उठून गेलेल्या दोघांना गुरुवारी होडीवर बोलवा. सही नको, नुसतं बघायला या म्हणा.

सांदीफट (रविवार, रात्री ९:०५)

प्राणवायूचा नमुना घेताना बाटली पाण्याखालीच काठोकाठ भरा आणि बूच पाण्यातच लावा. आत बुडबुडा राहिला तर आकडा चुकतो. आणि उपकरणानं मोजणार असाल तर एकदा वर, एकदा मध्ये, एकदा गाळाच्या जरा वर, असं तीन खोलींवर मोजायला सांगा.

पाणकणीस (रविवार, रात्री ९:१०)

लिहून घेतलं. तीन खोली. होडीवाल्यांना दोरीला गाठी मारून ठेवायला सांगते.